एका अंघोळीची गोष्ट : कर्मवीर भाऊराव पाटील



सप्टेंबर महिना म्हणजे आपल्या मंडळात गणपतीची धामधूम. आरास, मोदकांच्या ऑर्डरी, मुलांच्या नाचाच्या तालमी, हॉलचे बुकिंग... या गडबडीत २२ सप्टेंबर ही तारीख कधी येते आणि कधी जाते ते कळतही नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरकडच्या मंडळींना मात्र ती बरोबर आठवते. त्या दिवशी कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती असते. गावाकडे 'रयत'च्या शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, मुख्याध्यापकांच्या खोलीतला तो फोटो त्याच्या डोळ्यांसमोर येईल. पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

आपली मुले इथे बहरीनमध्ये वाढली. शिवाजी महाराज त्यांना ठाऊक आहेत, टिळक-गांधी ठाऊक आहेत, पण भाऊराव पाटील म्हटले की ती आपल्याकडे बघतात. म्हणून यावेळी त्यांची गोष्ट. शक्य असेल तर मुलांना वाचून दाखवा, कारण ती सुरू होते एका शाळकरी पोराच्या हट्टापासून.

वर्गाबाहेरची जागा

गोष्ट समजायची तर आधी त्या काळची शाळा समजायला हवी. अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या मुलांची शाळा वेगळी आणि काळ्या मुलांची वेगळी असे, हे आपण वाचलेले असते. आपल्याकडे रंगाच्या जागी जात होती, एवढाच फरक. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि त्याला तो नाकारण्यात आला. पुढे कागदोपत्री दारे उघडली, पण आत गेल्यावर बसायचे कुठे? कुठे व्हरांड्यात, कुठे दाराबाहेर, तर कुठे अस्पृश्यांसाठी काढलेल्या वेगळ्या शाळेत.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. भिवा रामजी आंबेडकर. घरून आणलेल्या गोणपाटावर तो इतरांपासून दूर बसे. तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नव्हती. कुणी वरून पाणी घातले तर प्यायचे, नाहीतर तसेच घरी जायचे. बाबासाहेबांच्या त्या शाळाप्रवेशाचा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. सातारा हे गाव लक्षात ठेवा मंडळी, आपल्याला पुन्हा तिथेच यायचे आहे.

पाटलांचे पोर

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज गावी, आजोळी. मूळ गाव वाळवा तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. घराणे जैन, शेतकरी. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला होते आणि त्यांच्या बदल्यांबरोबर घर फिरत असे. आईचे नाव गंगाबाई.

अंगापिंडाने दणकट, कुस्तीची आवड, अभ्यासात बेताचा, आणि अन्याय दिसला की हात शिवशिवणारा असा हा मुलगा. विट्याला असताना तिथल्या एका विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत हे त्याने पाहिले आणि विहिरीचा रहाटच मोडून टाकला, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले असते. पोरसवदा राग होता तो. रहाट काय, दुसऱ्या दिवशी नवा बसवता येतो. पण पुढे काय होणार याची चुणूक त्यात होती.

पुढच्या शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले. राजाराम हायस्कुलात नाव घातले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहायची सोय झाली. कोल्हापूरची गादी तेव्हा छत्रपती शाहू महाराजांकडे होती. महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी संस्थानातल्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या आणि जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडण्याचा सपाटा लावला होता. खेड्यातला मुलगा हुशार असला तरी शहरात राहणार कुठे आणि जेवणार काय, हाच खरा अडसर आहे हे त्यांनी ओळखले होते.

ती अंघोळ

१९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुलीचे नाव त्याला दिले होते, मिस क्लार्क वसतिगृह. उद्घाटनाच्या समारंभाला भाऊराव गेले. जेवणाच्या वेळी बोर्डिंगमध्ये परत आले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की अस्पृश्यांमध्ये जाऊन आला आहेस, तेव्हा आधी अंघोळ कर आणि मगच पंगतीला बस.

भाऊरावांनी अंघोळ करायला नकार दिला.

बघा हं, मागणी किती साधी होती! दोन तांबे पाणी अंगावर घ्यायचे, ताटावर बसायचे, विषय संपला. कोल्हापूरच्या उकाड्यात एक अंघोळ जास्त झाली म्हणून कुणाचे काय बिघडणार होते? पण त्या पाण्याचा अर्थ भाऊरावांना कळत होता. ती अंघोळ केली असती तर मिस क्लार्कमधली मुले विटाळाची आहेत हे त्यांनी मान्य केल्यासारखे झाले असते. बोर्डिंगचे व्यवस्थापन अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होते. नियम तो नियम. भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. लठ्ठे काही कर्मठ गृहस्थ नव्हते. उच्चशिक्षित, बहुजनांच्या चळवळीतले, पुढे शाहू महाराजांचे चरित्र लिहिणारे आणि १९३७ साली मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात बसलेले ते थोर गृहस्थ. तरीही त्यांच्या देखरेखीखालच्या बोर्डिंगात हे घडले. भेदभाव टिकतो तो असाच. दुष्ट माणसे त्याला लागतातच असे नाही, नियमावर बोट ठेवणारी भली माणसेही पुरतात.

बाहेर काढलेल्या या विद्यार्थ्याला शाहू महाराजांनी राजवाड्यावर आसरा दिला. शिक्षण मात्र पुढे गेले नाही. गणितात गाडी अडली. महाराजांनी शब्द टाकला तरी शिक्षकांनी त्यांना वरच्या वर्गात घातले नाही, असे सांगतात. भाऊराव इंग्रजी सहावीपर्यंत शिकले, मॅट्रिक कधी झालेच नाहीत.

डांबराचे प्रकरण

१९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातल्या पुतळ्यांना कुणीतरी डांबर फासले. केवढा गहजब! संशय आणला गेला तो लठ्ठ्यांवर. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी भाऊरावांना धरले. आमिषे झाली, धमक्या झाल्या, मग कोठडी आणि मारहाण. छळ इतका झाला की त्यांनी जीव द्यायचाही प्रयत्न केला. पण खोटी साक्ष दिली नाही.

ज्या माणसाने आपल्याला जेवणाच्या पंगतीवरून उठवले त्याच्यावर सूड उगवायची ही आयती संधी होती. वर सरकारची मर्जीही मिळाली असती. भाऊरावांचे भांडण अंघोळीच्या नियमाशी होते, लठ्ठ्यांशी नव्हते. मुलांना या माणसाची एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन.

इस्लामपूरचा विद्यार्थी

सुटकेनंतर पोटापाण्याचे बघणे भाग होते. साताऱ्यात शिकवण्या केल्या, 'पाटील मास्तर' म्हणून नाव झाले. मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत आणि ओगले काच कारखान्याचे काम करत ते गावोगाव हिंडले. विक्रेत्याला गाव जसे दिसते तसे पाहुण्याला दिसत नाही. कुणाच्या घरात धान्य आहे, कुणाचे शेत सावकाराकडे गहाण आहे आणि कुणाचे पोर शाळा सोडून गुरामागे जाते, हे सगळे त्यांनी पाहिले.

अशाच एका फेरीत इस्लामपूरच्या शाळेबाहेर बसून शिकणारा एक अस्पृश्य मुलगा त्यांना दिसला. वर्ग आत चाललेला, हा बाहेर बसून कानावर पडेल तेवढे शिकतोय. भाऊरावांनी त्याला कोल्हापूरला नेले आणि मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले, ज्याच्या उद्घाटनाला गेल्यामुळे स्वतःचे बोर्डिंग गेले होते त्याच वसतिगृहात! या मुलाचे नाव ज्ञानदेव घोलप. पुढे त्यांनी बाबासाहेबांच्या 'मूकनायक'चे संपादन केले आणि मुंबईच्या विधिमंडळात सभासद म्हणून ते बसले. शाळेच्या उंबऱ्याबाहेरून विधिमंडळापर्यंत! वाटेत लागले काय, तर एक वसतिगृह.

१९१९ : इकडे आणि तिकडे

आता आपल्या बहरीनकडे एक नजर टाकू. तेव्हा तेल सापडायचे होते आणि बेटाचा संसार मोत्यांवर चालत होता. १९१९ मध्ये मुहर्रकला अल-हिदाया अल-खलिफिया ही शाळा उभी राहिली. बहरीनमधल्या आधुनिक सार्वजनिक शिक्षणाची सुरुवात तिथून मानतात. मुलींसाठी अशी पहिली शाळा मुहर्रकलाच १९२८ मध्ये निघाली.

त्याच १९१९ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. आणि त्याच वर्षी, ४ ऑक्टोबरला, कराडजवळच्या काले या गावी सत्यशोधकांच्या परिषदेत भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेचा संकल्प सोडला. रयत म्हणजे सामान्य प्रजा, कष्टकरी शेतकरी. मॅट्रिक न झालेल्या माणसाने काढलेली ही शिक्षणसंस्था. बोधचिन्ह निवडले ते वडाचे झाड. पारंब्या जमिनीला टेकल्या की त्यांचीच खोडे होतात, तसा विस्तार व्हावा ही कल्पना.

साताऱ्याची पंगत

१९२४ मध्ये संस्थेचे कामकाज साताऱ्याला आले आणि तिथे वसतिगृह सुरू झाले. भिवा आंबेडकर जिथे गोणपाटावर वेगळे बसले होते तेच हे सातारा. भाऊरावांच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, धनगर, रामोशी अशी सगळी मुले एकत्र राहू लागली. एका चुलीवरचे अन्न, एकच पंगत. स्वयंपाकाची, पाण्याची आणि झाडलोटीची पाळी सगळ्यांना सारखी. जातीजातीची बोर्डिंगे तोवर बरीच निघाली होती आणि त्यांनी मोठे काम केले होते, पण कोल्हापुरातला अनुभव भाऊरावांच्या मनात घर करून होता. आपल्या बोर्डिंगातून कुणालाही कुणाला शिवला म्हणून बाहेर काढले जाणार नाही, हा त्यांचा नियम.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी इथे आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. साबरमतीला जे जमायला अवघड गेले ते या पाटलाने साताऱ्यात करून दाखवले, याचे गांधीजींना मोठे अप्रूप वाटले.

पण पंगत एकत्र बसवणे सोपे, ती रोज वाढणे अवघड. सगळ्यात मोठा भार उचलला लक्ष्मीबाईंनी. सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेली ही बाई. सुरुवातीला त्यांनाही हे सगळे जड गेले असणार. पण पुढे त्या या सगळ्या मुलांच्या आई झाल्या. घरात धान्य संपले आणि पोरे उपाशी राहायची वेळ आली तेव्हा अंगावरचे दागिने एकेक करून गेले, आणि शेवटी मंगळसूत्रही. आपल्या बायकांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचा वटवृक्ष त्यांना पाहायला मिळाला नाही. कर्मवीरांच्या जयंतीला त्यांच्या फोटोशेजारी लक्ष्मीबाईंचाही फोटो असतो, तो उगीच नव्हे.

कमवा आणि शिका

पैसे आणायचे कुठून? गावोगावच्या घरांतून रोजच्या दळणातले मूठभर धान्य बाजूला काढायचे, या मुष्टी फंडाने सुरुवात झाली. पण भाऊरावांना मुले दानावर वाढवायची नव्हती. मुलांनी शेत कसावे, विहिरी खणाव्यात, दगड फोडावेत, इमारती बांधाव्यात आणि त्या मोबदल्यात शिकावे. जो घाम गाळून शिकतो तो कुणाचा मिंधा राहत नाही, हे त्यांचे सूत्र. भिंत बांधताना गारा कालवणाऱ्याची जात भिंतीला कळत नाही, हा त्यातला दुसरा फायदा!

खेड्यांत शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, म्हणून १९३५ मध्ये अध्यापक विद्यालय निघाले. तिथे तयार झालेले शिक्षक डोंगरकपारीतल्या वाड्यांवर गेले आणि पाचशेहून जास्त व्हॉलंटरी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. १९४० मध्ये साताऱ्याला सयाजीराव महाराजांच्या नावाने हायस्कूल सुरू झाले, तिथे राहणे आणि शिकणे दोन्ही मोफत, बदल्यात श्रम. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आले. मोठी देणगी घ्या आणि कॉलेजचे नाव बदला, असा प्रस्ताव एकदा आला होता. भाऊरावांनी तो साफ झिडकारला. १९५४ मध्ये कराडला गाडगे महाराजांच्या नावाने कॉलेज निघाले.

संकटेही आली. स्वातंत्र्यानंतर सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान थांबले. भाऊराव लोकांकडे गेले, गाडगेबाबा पाठीशी उभे राहिले, आणि ज्यांच्यासाठी शाळा होत्या त्या शेतकऱ्यांनीच त्या तगवल्या. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले.

या वसतिगृहातून किती माणसे घडली याची मोजदाद नाही. बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचे एक नाव पुरे. गरीब घरातून बोर्डिंगात आलेला हा मुलगा विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला, परत येऊन 'रयत'मध्येच राहिला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी. लिट. दिली आणि भारत सरकारने पद्मभूषण. इंग्रजी सहावीत थांबलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाची सर्वोच्च पदवी! त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. समाधी साताऱ्याला आहे. तेव्हा संस्थेची शंभराहून अधिक हायस्कुले आणि तीन महाविद्यालये होती.

त्याच १९५९ मध्ये, सातासमुद्रापार

आपल्या मुलांना शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकवतात, म्हणून त्यातलीच एक गोष्ट इथे जोडतो. व्हर्जिनिया राज्यात फार्मव्हिल नावाचे गाव आहे. तिथली काळ्या मुलांची शाळा बांधली होती १८० मुलांसाठी आणि शिकत होती ४५० च्या आसपास. जादा वर्ग भरत ते डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्यांत. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने सगळ्या शाळेला संपावर नेले. त्यातून उभा राहिलेला खटला इतर खटल्यांबरोबर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५४ मध्ये न्यायालयाने वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

मग काय झाले? १९५९ मध्ये त्या काउंटीने सगळ्या सार्वजनिक शाळा बंदच करून टाकल्या. काळी-गोरी मुले एकत्र बसवण्यापेक्षा शाळाच नको! पाच वर्षे, १९६४ पर्यंत, त्या बंद राहिल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, काळी मुले घरी बसली.

ज्या वर्षी तिथे शाळांना कुलपे लागली, त्याच वर्षी साताऱ्याचा एक म्हातारा शंभरावर उघड्या शाळा मागे ठेवून गेला. आपले सगळे चांगले आणि त्यांचे वाईट असे मला म्हणायचे नाही, आपल्याकडच्या शाळांत काय चालत होते ते वर सांगितलेच आहे. मुद्दा असा की नुसता निकाल किंवा हुकूम पुरत नाही. बार्बराने संप केला, न्यायालयाने न्याय दिला, तरी मुलांना बसायला वर्ग हवा होता. भाऊरावांनी विद्यार्थी म्हणून नकार दिला आणि उरलेले आयुष्य ते वर्ग बांधण्यात घालवले.

आणि आपण?

बहरीनमध्ये आपली मुले मल्याळी, तमिळ, गुजराती, पाकिस्तानी, फिलिपिनो, अरब अशा सगळ्या मुलांबरोबर वाढतात. डबा कुणाचा आणि घास कुणाचा याचा हिशोब ती ठेवत नाहीत. ही देणगी त्यांना आयती मिळाली आहे. मोठ्यांचे तसे असतेच असे नाही. मंडळात नवीन कुटुंब आले की गाव विचारून झाल्यावर आडनावावरून आपण मनात काय जुळवतो, घरकामाच्या बाईचा कप वेगळा का असतो, लेबर कॅम्पातल्या आपल्याच मराठी भावांना गणपतीच्या पंगतीत कुठे बसवतो, हे ज्याने त्याने बघावे. विटाळाची अंघोळ आता कुणी सांगत नाही, पण तिची धाकटी भावंडे अजून आपल्या घरांत राहतात.

म्हणून येत्या २२ सप्टेंबरला मुलांना एवढेच सांगा, की कोल्हापुरात एक मुलगा होता. त्याला गणित येत नव्हते. पण दुसऱ्या मुलांना कमी लेखायला लावणारे दोन तांबे पाणी अंगावर घ्यायचे नाही, एवढे त्याला पक्के कळत होते. त्यासाठी तो उपाशी पंगतीवरून उठला, आणि पुढे हजारो मुलांना त्याने एकाच पंगतीत बसवले.

पुढच्या सुट्टीत साताऱ्यावरून महाबळेश्वरला जाल तेव्हा गाडी थोडी वळवा आणि समाधीवर दोन फुले वाहून या. मुलांनाही बरोबर न्या.